उसनी माय

रीता कापगते दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहायची. कोणी विचारलंच, तर म्हणायची, "मी फक्त टाईप करते." हे उत्तर तिनं इतक्यांदा दिलं होतं की तिच्या बापालाही, श्यामरावांना, पोरगी टायपिंगचंच काम करते असं वाटे.

पवनीत बालसमुद्र तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर; आई गेल्यावर बापही लाखांदूरकडचं तळ्याकाठचं गाव सोडून तिथंच राहायला आलेला. घर सांभाळून अकरा वर्षांत तिनं नऊ पुस्तकं लिहिली होती: एक निवृत्त नायब तहसीलदार, दोन मुख्याध्यापक, एक राइस मिलवाले, असे सगळे. एकाही पुस्तकावर तिचं नाव नव्हतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणारे जगात पुष्कळ आहेत. ही आपल्या ओंजळीनं दुसऱ्यांना पाजायची, एवढाच फरक.

कामाची तिची पद्धत ठरलेली होती. एक प्रकरण झालं की ती त्या माणसासमोर बसून ते मोठ्यानं वाचायची. त्यानं "हो, असंच झालं" म्हटलं की शेवटच्या पानाखाली त्याची सही. सही झाली की ते प्रकरण त्याचं, मग त्यात हिनं कितीही वेलबुट्टी काढलेली असो. पुढे भाऊबंदांनी कटकट केली तर दाखवायला सही असलेली बरी. आणि दुसरा नियम स्वतःपुरता: आपल्या घरचं काही पुस्तकात घालायचं नाही. तालुक्याच्या गावात लोक एकमेकांना फार ओळखतात.

चार वर्षांपूर्वी तिची आई गिरजाबाई भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात वारली. रीता त्या दिवशी नागपूरला होती, एका साहेबांच्या पुस्तकाची शेवटची पानं तपासत. आई फोनवर म्हणाली होती, ये. ही म्हणाली, उद्या सकाळी येते. श्यामराव दुपारी चहा प्यायला खाली उतरले आणि परत वर गेले तोवर सगळं संपलं होतं. शेवटी ती काही बोलली का, कोणाला हाक मारली का, कोणालाच ठाऊक नाही. रीता रडली नाही, कामाला लागली. पण तेव्हापासून आईवर एक ओळ तिच्यानं लिहवली नव्हती.

दहावं पुस्तक आलं ते चंद्रकुमार मास्तरांकडून. संक्रांतीनंतर त्यांच्या आईची, पुष्पाबाईंची पंचाहत्तरी होती आणि त्या दिवशी पुस्तक निघायला हवं होतं. मास्तर राहायचे नव्या गावात. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. नव्या गावाचे रस्ते सरळ, घरांना नंबर, चौकात टाइल्स लावलेलं मारुतीचं मंदिर. जुन्या गावाचं विचारलं की लोक वैनगंगेकडे हात करायचे.

पुष्पाबाई ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या. गाव सुटलं तशी म्हातारीची वाचाच आटली, असं सून सांगे. रीता तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा होता, शेजारची बकरी होती आणि अधूनमधून एक "होय" नाहीतर "नाही" होतं. लग्न, पोरं, धानाचे रोवणे, पूर, एवढं तिनं गावकऱ्यांकडून गोळा केलं. आईवर मात्र गाडी अडली.

"मावशी, तुमची माय कशी होती?"

"मले माय नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सवा महिन्याची होतो मी. गेली."

मामीनं वाढवलेली पोर. फोटो नाही, गोष्ट नाही, आणि मायला पाहिलेलं माणूसही आता कोणी उरलेलं नाही.

मास्तरांनी फाटकापर्यंत येऊन आवाज खाली घेतला. "मॅडम, आईचं पुस्तक अन् त्यात तिची आईच नाही, ते कसं दिसल? दोन-चार पानं टाका ना तुमच्या मनानं. कोण तपासते? गावच पाण्यात आहे."

"मी बनवून लिहीत नाही, सर," रीता ठसक्यात म्हणाली आणि बसमध्ये बसली.

आणि घरी येऊन तिनं लिहिलं. बनवून नाहीच लिहिलं, खरं तेच लिहिलं. नागपूरच्या छापखान्याची तारीख डोक्यावर होती, हे एक कारण. दुसरं कारण तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. चार वर्षं जी ओळ येत नव्हती ती दुसऱ्याच्या नावावर लिहायची म्हटल्यावर बांध फुटल्यासारखी आली.

गिरजाबाईचं नाव तिनं लिहिलं नाही, नुसतं 'माय' लिहिलं. रोवण्याच्या दिवसांत माय पोरीला शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसवायची आणि चिखलातून दर थोड्या वेळानं हाक द्यायची. पायाला जळू लागली की तंबाखूची चिमूट लावून काढायची. पऱ्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या मोजताना माय तीन कधीच म्हणायची नाही. एक, दोन, दोनावर एक, चार. आंबाडीच्या भाजीत झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, घालायची आणि पहिला घास पोरीला द्यायची, आपण चव न पाहता. अशी अकरा पानं झाली. लिहिताना रीताला तिचा आवाज ऐकू येत होता आणि फार बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी तिनं ती पानं ओसरीत बसून वाचली. पुष्पाबाईंनी मध्ये एकदाही मान हलवली नाही. वाचून झालं तशा म्हणाल्या, "आनखी एकदा वाच."

रीतानं पुन्हा वाचलं.

"होय," म्हातारी म्हणाली. "असंच झालं."

चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं तिनं गोल, मोठी सही केली. सही वाळली तरी कागदावर तळवा ठेवून ती बसून राहिली.

पुढच्या खेपेला सून फाटकातच भेटली. "मॅडम, काय जादू केली तुमी? काल सासूबाईनं आंबाडी-झिंगे मांगितले. आमच्या घरी कोनी झिंगे खात नाही, मांगून आनले. अन् बोलून राहिल्या, कालपासून बोलूनच राहिल्या!"

पुष्पाबाई खरंच बोलत होत्या. रीतानं यंत्र सुरू केलं. वाचून दाखवलेलं म्हाताऱ्या माणसांना आपलंच वाटू लागतं, हा तिचा नेहमीचा अनुभव. नायब तहसीलदार तर तिनं जुळवलेलं एक वाक्य नातवंडांना स्वतःचं म्हणून सांगत. तेव्हा म्हातारी बाभळीचं बोलली, जळवांचं बोलली, तोवर रीता हसत ऐकत होती.

"अन् तीन काहून नाही म्हने माय, सांगू काय तुले?"

रीताचं हसू थांबलं. ते तिनं लिहिलं नव्हतं.

"माह्या पाठचा भाऊ होता. तिसऱ्या दिशी गेला. तवापासून तिच्या तोंडी तो आकडा आला नाही."

सवा महिन्याची असताना माय गेलेल्या बाईला पाठचा भाऊ कुठून? रीताच्या पाठीवर झालेला मुलगा मात्र तिसऱ्या दिवशी गेला होता. बाहेरच्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिनं स्वतःची समजूत घातली. त्या काळी कोणत्या घरात असं लेकरू गेलं नव्हतं? म्हातारीनं अंदाज बांधला आणि तो बसला. इतकंच.

घरी श्यामराव अंगणात उन्हाला बसून पोपटीच्या शेंगा सोलत होते. ती शेजारी बसली.

"बाबा, आई 'दोनावर एक' कशी म्हणायची, आठवते ना?"

"काय म्हने?"

"जुड्या मोजताना. तीन नव्हती म्हणत."

श्यामरावांनी शेंग हातात धरली. "नाही व. तुही माय तं सरळ मोजे. भाऊ गेला तुहा, पर तिनं मोजनं थोडंच सोडलं?" मग ती शेंग सोलत म्हणाले, "अन् तुले कधी धानाच्या बांधीत नेलंच नाही तिनं. तू शाळेतली."

बहात्तर वर्षांचा माणूस, विसरायचाच, असं म्हणून रीता आत गेली. चुलीशी उभी राहून तिनं डोळे मिटले आणि आईचा आवाज आठवायला लागली. एक, दोन, दोनावर एक. आवाज आला, पण तो तिचा स्वतःचाच होता, प्रकरण वाचून दाखवतानाचा. धुरा आठवला, बाभूळ आठवली, पण जशी तिला गिऱ्हाइकांची लग्नं आणि बदल्या आठवत तशी. ती माहिती होती. कोणीतरी सांगितलेली.

तिला भीती वाटली. आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली होती तशी.

मग तिनं कपाटातून कागदांची पिशवी काढली. शाळा सोडल्याचा दाखला सापडला, घडीवर चिकटपट्टी लावलेला. विद्यार्थिनीचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव. आईचं नाव या रकान्यात एक आडवी रेघ होती. त्याच जुन्या निळ्या शाईची, हेडमास्तरांच्या त्याच तिरप्या हाताची. पूर्वी मास्तर लोक आईचं नाव भरायचेच नाहीत, हेही खरं. पण कॉलेजात नाव घालताना याच दाखल्यावर बोट ठेवून कारकुनानं 'गिरजा' मोठ्यानं वाचलं होतं, हे तिला आठवत होतं. की वाटत होतं? तिनं रेघेवरून बोट फिरवलं. खाली काही खोडलेलं नव्हतं.

रीताचा स्वभाव असा की एकदा ठरलं म्हणजे एक घाव दोन तुकडे. आपण दिलं ते आपण परत आणायचं. प्रकरण रद्द करायचं, त्यावर म्हातारीची सही घ्यायची, आणि मास्तरांना जे सांगायचं ते सांगायचं. पुस्तक गेलं खड्ड्यात. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या बांध्या होत्या, धानाचे पुंजणे रचून ठेवलेले होते. पूर्ण वाटभर ती आईचा चेहरा डोळ्यांसमोर धरून बसली, भरलेला तांब्या सांडू नये तशी.

मास्तर शाळेत गेले होते. सून धान भरडायला गिरणीवर गेली होती. ओसरीत पुष्पाबाई एकट्या. त्यांच्या अंगावर मांस आलं होतं, केस विंचरलेले होते.

"मावशी, त्या आईच्या प्रकरणात माझी चूक झाली. ते काढावं लागते. इथं सही करा."

पुष्पाबाईंनी कागद पाहिला. रागावल्या नाहीत.

"काढ ना," त्या म्हणाल्या. "तुही माय होय. मले का ठाव नाही?"

रीतानं कागद मागे घेतला.

"पर काढाच्या आंधी एक गोठ आयकून घे. मंग करतो मी सही."

"कोणती गोष्ट?"

"ते गेली त्या दिसाची."

रीता खाली बसली. नेहमीच्या सवयीनं तिनं वही उघडली.

"दुपार होती," पुष्पाबाई म्हणाल्या. "बाबा चहा प्याले खाले गेले होते. खाट खिडकीजवळ. सलाईनच्या दांड्याले बाबाचा दुपट्टा टांगला होता, हिरव्या काठाचा."

दुसऱ्या सकाळी रीता वॉर्डात पोहोचली तेव्हा खाट रिकामी होती आणि दांड्याला तो दुपट्टा तसाच होता. तिनंच तो काढून घडी घालून पिशवीत ठेवला होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"बोल मावशी."

"मले पाह्यलं तिनं. म्हने, आली काय बाई? मी म्हनलो, आलो. म्हने, पाय थंडे पडून राहिले, जरा घास. मी घासले. दोन्ही घासले. ओठ सुकले होते, कापूस भिजवून लावला."

"मग?"

"मंग म्हने, आता जाय बाई, तुही बस चुकल."

वहीवर थेंब पडला तेव्हा रीताला कळलं, आपण रडतोय. लाखांदूरकडच्या त्या घरातून रीता निघाली की दर वेळी आई हेच म्हणायची. बस दिसायच्या आधीच म्हणायची.

"घाबरली होती का ती?"

"नाही. मी होतो ना. माहा हात धरूनच गेली."

बकरी ओरडली. मारुतीच्या मंदिरात कोणी तरी घंटा वाजवून गेलं. रीतानं डोळे पुसले.

"आणि मी हे प्रकरण काढलं तर?"

पुष्पाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत लबाडी नव्हती, हे रीता शपथेवर सांगू शकली असती.

"तं ते एकटीच राह्यल तिथं," त्या म्हणाल्या. "जशी होती तशी."

आईची आठवण आपल्याजवळ असावी, की आईच्या शेवटच्या घटकेला तिच्याजवळ कोणी तरी असावं? दोहोंतलं एकच मिळणार होतं. चार वर्षं रीता एकाच दुपारीशी झगडत होती. ती दुपार बदलायची किल्ली तिच्या हातात होती, आणि ती वापरायची की नाही हे विचारायला तिला कोणाकडे जायची गरज नव्हती.

तिनं रद्द करायचा कागद फाडला. चार तुकडे केले, ते पिशवीत ठेवले.

"पुन्हा सांग मावशी. सुरुवातीपासून. हळू सांग."

"तुले काय उरल, बाई?"

"माझे बाबा आहेत ना," रीता म्हणाली.

म्हातारी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागली.

दुपारपर्यंत रीतानं ते लिहून काढलं. एक शब्द सजवला नाही. मग खुर्चीसमोर बसून मोठ्यानं वाचलं. पाय घासण्याशी आली तेव्हा थांबून तिनं पाणी प्यायलं आणि पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"हो," पुष्पाबाई म्हणाल्या. "असंच झालं."

सही झाली.

त्यानंतर रीता आठ दिवस नागपूरला छापखान्यात होती. रोज संध्याकाळी बाबांना फोन लावायची. रेंज नसायची, किंवा ते शेजारी गेलेले असायचे. आईचा चेहरा तिसऱ्या दिवशी गेला. ती पानं तपासत होती, शेवटच्या प्रकरणात माय गेली तिथं तिला गलबलून आलं. कोणाची ही आई, किती शांत गेली बिचारी, असं तिच्या मनात आलं. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिली. पण तिला पस्तावा झाला नाही. ठरवलं ते ठरवलं.

पंचाहत्तरीच्या दिवशी पुस्तकांची खोकी घेऊन ती थेट नव्या गावातच उतरली. समाजमंदिरात मांडव होता, खुर्च्या भरल्या होत्या. पुष्पाबाई नवं हिरवं लुगडं नेसून व्यासपीठासमोर उभ्या होत्या. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर श्यामराव बसले होते.

धुतलेलं धोतर, खांद्यावर हिरव्या काठाचा दुपट्टा. त्यांना तिनं बोलावलं नव्हतं. पवनीहून ते एकटे कसे आले, हे तिला कळेना.

पुष्पाबाईंनी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली. "बाबा, गरम हायेत तोवर खा." बहात्तर वर्षांच्या माणसानं पंच्याहत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला. "तू खाल्लं काय, बाई?" मास्तरांनी पुढे होऊन त्यांची बशी धरली, म्हणाले, "आजोबा, सांडल." मांडवात दोनशे माणसं होती. कोणाची मान वळली नाही, कोणी कोणाच्या कानात बोललं नाही.

रीता खोक्यांपाशी उभी होती.

कार्यक्रम झाला. भाषणं झाली. प्रत्येकानं एक एक पुस्तक नेलं. श्यामरावांनी आपलं पुस्तक छातीशी धरलं, चष्मा पुसला आणि माणसांतून वाट काढत ते तिच्याकडे आले. जवळ येऊन त्यांनी हात जोडले.

"पुस्तक तुमी टाईप केलं म्हने, बाई."

"हो," रीता म्हणाली.

"लय उपकार झाले तुमचे. माही गिरजा अशीच होती. येकदम अशीच." त्यांचे डोळे भरले होते. "पोरगी होती तिच्याजवळ, म्हनून बरं झालं. नाही तं मले जलमभर लागून राह्यलं असतं."

रीतानं मान हलवली. हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकलं. ते तिनंच त्यांना दिलं होतं.

श्यामरावांनी शेजारची खुर्ची दुपट्ट्यानं झटकली आणि तिच्याकडे सरकवली. "बसा ना. किती येळच्या उभ्या आहात. कोन्या गावच्या तुमी?"

"लाखांदूरकडची," ती म्हणाली. मग तिनं तळ्याकाठच्या त्या गावाचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"आँ? मंग तं आमच्याच गावच्या!" ते आनंदानं पुढे वाकले, आणि तिचा चेहरा नीट न्याहाळत त्यांनी विचारलं, "कोनाच्या तुमी?"